भर दुपारी होस्ट रिकामा करता आला पाहिजे: हायपरव्हायझर तपासणं, निवडणं आणि पॅच करणं

हायपरव्हायझर, म्हणजे एका सर्व्हरवर (होस्टवर) अनेक व्हर्च्युअल मशीन (व्हीएम) चालवणारं सॉफ्टवेअर, बदलायचं ठरलं की पहिल्याच मीटिंगला एक्सेलचा तक्ता येतो. व्हीएमवेअरचा ईएसएक्सआय, मायक्रोसॉफ्टचा हायपर-व्ही, केव्हीएमवर चालणारा प्रॉक्समॉक्स, झेनवर चालणारा एक्ससीपी-एनजी असे चार रकाने, खाली फीचर्सची यादी आणि जवळपास प्रत्येक चौकोनात बरोबरची खूण. त्या तक्त्यातून काही कळत नाही, कारण लाइव्ह मायग्रेशन (चालू व्हीएम न थांबवता दुसऱ्या होस्टवर हलवणं), स्नॅपशॉट आणि क्लस्टर (एकत्र जोडलेले होस्ट) आता चौघांकडेही आहेत. खरा फरक दिसतो तो पॅच लावायची वेळ आली की. मंगळवारी दुपारी, लोक काम करत असताना, एक होस्ट रिकामा करायचा, पॅच लावून रीबूट करायचा आणि चहाच्या वेळेपर्यंत परत कामाला जुंपायचा. हे ज्या सेटअपमध्ये जमतं तिथे पॅच वेळेवर लागतात. जिथे जमत नाही तिथे 'पुढच्या रविवारी बघू' सुरू होतं.

त्या रविवारची किंमत फेब्रुवारी २०२३ मध्ये दिसली. ईएसएक्सआयआर्ग्स नावाच्या रॅन्समवेअरने जगभरचे ईएसएक्सआय होस्ट एन्क्रिप्ट केले. त्यासाठी वापरलेल्या ओपनएसएलपी या सेवेतल्या सुरक्षेच्या भोकाचा पॅच फेब्रुवारी २०२१ मध्येच आला होता. दोन वर्षं तो पडून होता.

सध्या तुलना करणाऱ्यांची गर्दी आहे, त्याचं कारण सगळ्यांना माहीत आहे. ब्रॉडकॉमने नोव्हेंबर २०२३ मध्ये व्हीएमवेअर विकत घेतली, पुढच्याच महिन्यात कायमस्वरूपी लायसन्स विकणं बंद केलं, आणि ईएसएक्सआय ज्याचा भाग आहे त्या व्हीस्फिअर ७ चा नियमित सपोर्ट २ ऑक्टोबर २०२५ ला संपला. म्हणजे अजून ७ वर असलेल्याला काहीतरी ठरवावंच लागणार.

लॅब कशी उभी करायची

एकसारखे तीन सर्व्हर हवेत. एकसारखे म्हणजे सीपीयूची पिढी, बायॉसची आवृत्ती, नेटवर्क कार्डाचं फर्मवेअर, डिस्कचं मॉडेल सगळं तेच. दोनच सर्व्हर मिळाले तर कोरमसाठी (क्लस्टरमधल्या बहुमतासाठी) तिसरं मत लागतं. प्रॉक्समॉक्समध्ये क्यूडिव्हाइस म्हणून एखादा जुना डेस्कटॉपही चालतो, हायपर-व्हीला विटनेस म्हणून फाइल शेअर पुरतो.

नेस्टेड लॅब, म्हणजे एका मोठ्या सर्व्हरवर व्हीएममध्येच हायपरव्हायझर टाकून केलेली, ही पॅचिंगच्या रंगीत तालमीला उत्तम. तिथे क्रम बसवा, चुका करा, स्नॅपशॉटवरून मागे या. पण तिथले वेगाचे आकडे कुठेही लिहू नका.

बायॉसमध्ये पॉवर प्रोफाइल 'परफॉर्मन्स'वर ठेवा. बरेच सर्व्हर कारखान्यातून 'बॅलन्स्ड'वर येतात, आणि मग एका हायपरव्हायझरचा गव्हर्नर सीपीयूला जोरात पळवतो, दुसरा झोपवतो. तुम्ही मोजता पॉवर सेटिंग, आणि नाव लागतं हायपरव्हायझरचं. व्हर्च्युअलायझेशन आणि आयओएमएमयू (उपकरण थेट व्हीएमला देण्यासाठी लागणारी सोय) दोन्ही सुरू आहेत ना, तेही इथेच बघून घ्या.

नेटवर्क तीन वेगळे: क्लस्टरचा, स्टोरेजचा, व्हीएमचा. प्रॉक्समॉक्सवाल्यांनी तर हे दगडावरची रेघ समजावं. नोड (क्लस्टरमधले होस्ट) एकमेकांशी ज्यातून बोलतात त्या कोरोसिंकला ५ मिलिसेकंदांच्या आतली लेटन्सी (विलंब) लागते. ते पॅकेट बॅकअपच्याच तारेवरून जात असतील तर रात्री बॅकअप सुरू होतो, तार भरते, नोड एकमेकांना दिसेनासे होतात, आणि एचए (होस्ट पडला तर व्हीएम दुसरीकडे आपोआप सुरू करणारी सोय) सुरू असेल तर वॉचडॉग नोडच रीबूट करतो. सकाळी लोक म्हणतात, 'प्रॉक्समॉक्स अनस्टेबल आहे.' दोष तारेचा असतो.

ईएसएक्सआय तपासत असाल तर नेटवर्क कार्ड आणि रेड कंट्रोलर सुसंगततेच्या यादीत आहेत का ते आधी बघा. ७.० पासून जुने लिनक्स-धाटणीचे ड्रायव्हर काढून टाकले आहेत, त्यामुळे ६.७ वर चालणारं जुनं कार्ड पुढे दिसतच नाही. एसडी कार्डावर बूट ठेवायचे दिवसही त्याच आवृत्तीपासून संपले. लिहिण्याचा भार वाढला आणि कार्डं मरू लागली. बूटला एक साधी एसएसडी द्या.

मोजायचं काय

एक लिनक्स व्हीएम आणि एक विंडोज सर्व्हर व्हीएम ठरवा आणि चारही ठिकाणी तीच उभी करा. लिनक्सला ४ व्हीसीपीयू, ८ जीबी रॅम, टेस्टसाठी वेगळी १०० जीबीची डिस्क. ड्रायव्हर मात्र प्रत्येकाचे खास वापरायचे: केव्हीएमवर व्हर्टआयओ, ईएसएक्सआयवर पीव्हीस्कझी आणि व्हीएमएक्सनेट३, हायपर-व्हीवर जनरेशन २ ची व्हीएम, एक्ससीपी-एनजीवर पीव्ही ड्रायव्हर. जुन्या हार्डवेअरची नक्कल करणारं ई१००० कार्ड आणि साटा डिस्क डिफॉल्टला ठेवून केलेल्या तुलना नेटवर खूप सापडतात. त्या वाचण्यात वेळ घालवू नका.

व्हर्च्युअलायझेशनशिवायचा आकडाही घ्या. त्याच सर्व्हरवर थेट लिनक्स टाकून सगळ्या टेस्ट एकदा चालवा. हा पाया नसेल तर 'चाळीस हजार आयऑप्स' (सेकंदाला इतक्या वाचन-लेखन क्रिया) चांगले की वाईट, हे ठरवणार कशावरून?

आता डिस्क. सगळ्यात जास्त फसगत इथेच होते, म्हणून इथे सावकाश जाऊ.

पहिली फसगत डीडी या कॉपी कमांडची. शून्यं लिहून वेग मोजला आणि खाली झेडएफएससारखं कॉम्प्रेशन असलेलं स्टोरेज असेल, तर ती शून्यं डिस्कपर्यंत पोचतच नाहीत. आकडा भन्नाट येतो. एफआयओ हे डिस्क मोजणारं साधन वापरा.

दुसरी, रिकाम्या डिस्कची. थिन डिस्कवर (लिहिल्यावरच जागा घेणाऱ्या) कधीच न लिहिलेला ब्लॉक वाचला तर हायपरव्हायझर वरच्या वर शून्यं देऊन मोकळा होतो. उलट पहिल्यांदा लिहिताना जागा बांधून घ्यावी लागते, ईएसएक्सआयच्या लेझी-झीरोड डिस्कवर आधी ब्लॉक पुसावा लागतो, म्हणून लिहिणं खोटंच संथ दिसतं. त्यामुळे टेस्टआधी सगळी डिस्क एकदा एफआयओनेच भरून घ्या.

तिसरी, कॅशची. प्रॉक्समॉक्सवर डिस्कचा कॅश मोड 'राइटबॅक' ठेवला तर तुम्ही होस्टची रॅम मोजता. मोड 'नन' ठेवा, एफआयओमध्ये डायरेक्ट १ द्या, आणि टेस्टची फाइल होस्टच्या कॅशपेक्षा बरीच मोठी, निदान ६४ जीबीची घ्या.

चौथी, वेळेची. एसएसडीचा पहिला काही जीबींचा वेग तिच्या आतल्या वेगवान कॅशचा असतो. अर्धा तास सतत लिहा, मग मोजायला लागा.

यानंतर दोनच प्रोफाइल पुरतात. पहिलं मिश्र: ४ केबी ब्लॉक, रँडम, ७० टक्के वाचन ३० टक्के लेखन, आयओडेप्थ (एकाच वेळी रांगेतल्या विनंत्या) ३२, ६० सेकंद रॅम्प (न मोजलेली सुरुवात), ३०० सेकंद मोजणी. दुसरं डेटाबेससारखं: ४ केबी रँडम लेखन, आयओडेप्थ १, जॉब १, प्रत्येक लेखनानंतर एफसिंक (डेटा खरोखर डिस्कवर गेल्याची खात्री). या दुसऱ्या टेस्टमध्ये पितळ उघडं पडतं. वीज गेली तरी डेटा वाचवणारा कपॅसिटर नसलेली घरगुती एसएसडी पहिल्या प्रोफाइलमध्ये एंटरप्राइझ डिस्कच्या खांद्याला खांदा लावून पळते आणि दुसऱ्यात पार झोपते. ॲकाउंटिंगचं पॅकेज, ईआरपी, मेल सर्व्हर यांचं जगणं या दुसऱ्या आकड्यावर असतं.

सरासरी लिहू नका. ९९ व्या पर्सेंटाइलची लेटन्सी लिहा, म्हणजे शंभरातल्या ९९ विनंत्या ज्या वेळेच्या आत संपतात ती. सरासरी १ मिलिसेकंद आणि ९९ वा पर्सेंटाइल ८०, अशा स्टोरेजवर वापरणारा दिवसभर 'सिस्टिम अडकते' असंच म्हणणार.

वर एक खरा डेटाबेस चालवायचा असेल तर पोस्टग्रेस डेटाबेसचं पीजीबेंच सोपं. स्केल १००० म्हणजे साधारण १५ जीबी, ८ जीबीच्या व्हीएममध्ये मावणार नाही एवढा. १६ क्लायंट, ४ थ्रेड, ६०० सेकंद. पाच वेळा चालवा, पहिला निकाल सोडा, उरलेल्यांचा मध्य घ्या. दोन हायपरव्हायझरमधला फरक एकाच हायपरव्हायझरच्या दोन फेऱ्यांमधल्या फरकाएवढाच असेल तर तो फरक नाही. असं बऱ्याचदा होतं.

सीपीयूमध्ये एकट्या व्हीएमची टेस्ट फारसं शिकवत नाही. होस्टवर कोअर आहेत त्याच्या तिप्पट व्हीसीपीयू वाटा, सगळ्या व्हीएमवर एकदम भार द्या आणि वाट बघण्याचा वेळ मोजा. लिनक्स गेस्टमध्ये (व्हीएमच्या आतल्या सिस्टिममध्ये) टॉप कमांडमधला 'एसटी' हा आकडा. ईएसएक्सआयवर सीपीयू रेडी. तिथे रिअल-टाइम आलेख २० सेकंदांची बेरीज मिलिसेकंदांत दाखवतो आणि लोक तो टक्के समजून घाबरतात. हिशोब असा: ४ व्हीसीपीयूच्या व्हीएमला ४००० मिलिसेकंद दिसले, भागिले २०,०००, म्हणजे २० टक्के, भागिले ४, म्हणजे प्रत्येक व्हीसीपीयूला ५ टक्के. इथपासून वापरणाऱ्याला जाणवायला लागतं.

नेटवर्कचं थोडक्यात: वेग मोजणारं आयपर्फ ३.१६ किंवा पुढची आवृत्ती घ्या, आधीच्या आवृत्त्या कितीही समांतर प्रवाह दिले तरी एकाच थ्रेडवर चालत. दोन वेगळ्या होस्टवरच्या व्हीएममध्ये मोजा. १० गिगाबिटवर ९.४ च्या आसपास आलं की पुढे चला.

आकडे हाती आले की ते ब्लॉगवर टाकायची घाई नको. व्हीएमवेअरच्या लायसन्स करारात बेंचमार्क प्रसिद्ध करण्यावर पूर्वीपासून अटी आहेत. आतल्या निर्णयासाठी वापरा, बाहेर टाकायचे तर करार वाचून.

तारा उपटा

ही टेस्ट कागदावर सगळे ठेवतात आणि करत फार कमी जण. भार चालू असताना एका होस्टची पॉवर केबल काढा. दोन्ही पॉवर सप्लायच्या. घड्याळ लावा. प्रॉक्समॉक्समध्ये वॉचडॉग, फेन्सिंग (पडलेल्या नोडला नक्की बाजूला काढणं) आणि मग दुसऱ्या नोडवर सुरुवात, असं धरून साधारण दोन मिनिटं लागतात. वर गेस्ट बूट होण्याचा वेळ. मग क्लस्टरच्या नेटवर्कची केबल काढा. मग स्टोरेजचा एक मार्ग. प्रत्येक वेळी व्हीएम नेमक्या एकाच ठिकाणी चालू आहे ना, हे बघा. एकच डिस्क दोन ठिकाणी उघडली गेली तर फाइल सिस्टिम गेलीच.

मग स्टोरेज शंभर टक्के भरा. हायपर-व्ही व्हीएमला 'पॉज्ड-क्रिटिकल'मध्ये टाकतो, ईएसएक्सआय थांबवून प्रश्न विचारतो, केव्हीएमवर ती आयओ-एररने थांबते. थांबणं चांगलं आहे, पण मॉनिटरिंगवर ते दिसतं का? अनेक ठिकाणी पिंग बंद झाल्याशिवाय कोणाला पत्ताच लागत नाही.

शेवटी सगळ्यात मोठी व्हीएम बॅकअपवरून पूर्ण रिस्टोअर करा आणि लागलेली मिनिटं लिहा. तो आकडा साहेबांना आत्ताच दाखवून ठेवलेला बरा.

होस्ट रिकामा करण्याचा हिशोब

पहिल्यांदा रॅम. प्रत्येकी २५६ जीबीचे तीन होस्ट म्हणजे ७६८ जीबी, असं कागदावर दिसतं. एक होस्ट रिकामा करायचा तर सगळं दोघांत, ५१२ मध्ये मावलं पाहिजे. त्यातून प्रत्येक होस्टला स्वतःला ८ आणि झेडएफएस असेल तर त्याच्या कॅशला १६ वजा करा. उरले ४६४. व्हीएमना वाटलेली एकूण रॅम याच्या वर गेली की दुपारचं पॅचिंग संपलं. ही मर्यादा लिहून भिंतीवर लावा, कारण नवीन व्हीएम मागणारा रोज येतो. जुन्या प्रॉक्समॉक्सवर झेडएफएस निम्म्या रॅमपर्यंत कॅश घेत असे, ८.१ पासूनच्या ताज्या इन्स्टॉलमध्ये ती १० टक्के, जास्तीत जास्त १६ जीबी असते. जुना होस्ट अपग्रेड केला असेल तर मर्यादा हाताने घालायला लागते.

मग वेळ. ६४ जीबीची व्हीएम १ गिगाबिटवरून हलवायला दहा मिनिटं, १० गिगाबिटवरून एक मिनिट. हा झाला मेमरी शांत असतानाचा हिशोब. डेटाबेस चालू असेल तर जितकी पानं पाठवाल तितकी मागे पुन्हा बदलत जातात, आणि १ गिगाबिटवर असं मायग्रेशन संपतच नाही, किंवा संपवण्यासाठी हायपरव्हायझर व्हीएमलाच संथ करतो. तेव्हा मायग्रेशनला १० गिगाबिट ही चैन नाही.

प्रॉक्समॉक्स डिफॉल्टला मायग्रेशन एसएसएचच्या बोगद्यातून करतो, आणि एन्क्रिप्शन एका कोअरवर अडकतं. मायग्रेशनचा नेटवर्क खरोखरच वेगळा, बाहेरच्यांना बंद असेल तर डेटासेंटरच्या सेटिंगमध्ये प्रकार 'इन्सिक्युअर' करा, वेग लगेच वाढतो. हायपर-व्हीवर ओळख पटवण्यासाठी क्रेडएसएसपी ठेवलं असेल तर जिथून हलवायचं त्या होस्टवर लॉगइन केल्याशिवाय मायग्रेशन नाकारलं जातं. कर्बेरोस आणि डेलिगेशन आधीच लावून ठेवा.

आणि अडवणाऱ्या गोष्टी. लोकल डिस्कवरची आयएसओ महिनोन्‌महिने व्हीएमच्या सीडी ड्राइव्हमध्ये अडकलेली असते. कोणीतरी लायसन्सचा यूएसबी डोंगल लावलेला असतो. ग्राफिक्स कार्ड पासथ्रू केलेलं, म्हणजे थेट एका व्हीएमला दिलेलं असतं. केव्हीएमवर सीपीयूचा प्रकार 'होस्ट' ठेवलेला असतो आणि नोड दोन वेगळ्या पिढ्यांचे असतात. मग व्हीएम जाते पण तिथे पोचून कोसळते. मिश्र क्लस्टरमध्ये 'एक्स८६-६४-व्ही२-एईएस'सारखा समान प्रकार द्या, व्हीस्फिअरमध्ये तेच काम करणारं ईव्हीसी लावा. व्हीस्फिअर स्टँडर्डमध्ये डीआरएस (व्हीएम आपोआप हलवणारी सोय) नाही, त्यामुळे मेंटेनन्स मोड दाबला तरी व्हीएम हाताने हलवेपर्यंत तो वाट बघत बसतो. निवड करताना चार हायपरव्हायझरपैकी ज्याच्यावर ही यादी तुमच्या लोकांना, तुमच्या हार्डवेअरवर, लवकर मोकळी करता आली, त्याला जास्त गुण द्या. पीजीबेंचचे आकडे त्यानंतर.

व्हीएमवेअरवरून निघणाऱ्यांसाठी जाता जाता एक गोष्ट. विंडोज व्हीएम केव्हीएमवर नेऊन थेट व्हर्टआयओ डिस्क लावली तर बूट होताना निळी स्क्रीन येते, कारण आत ड्रायव्हर नाही. आधी साटावर बूट करा, १ जीबीची रिकामी व्हर्टआयओ-स्कझी डिस्क जोडा, ड्रायव्हर बसवा, बंद करा, मग मुख्य डिस्क स्कझीवर न्या आणि बूट क्रमात तिला वर ठेवा. व्हीएमवेअर टूल्स निघण्यापूर्वीच, जुन्या घरी असतानाच काढा. नंतर ती हट्टाने निघत नाहीत. स्टॅटिक आयपीही लिहून ठेवा, कार्ड बदललं की तो हरवतो.

पॅच लावताना

सगळ्यांना लागू असा नियम: नव्या आवृत्तीकडून जुन्या आवृत्तीकडे लाइव्ह मायग्रेशन चालेल असं धरू नका. जुन्याकडून नव्याकडे चालतं. म्हणून एक नोड पॅच करून आठवडाभर थांबणं ही सावधगिरी वाटते, पण त्या आठवड्यात एक होस्ट पडला तर हात बांधलेले असतात. लॅबमध्ये हवं तेवढं थांबा. खऱ्या क्लस्टरवर सुरुवात केली की एक-दोन दिवसांत सगळे नोड संपवा.

व्हीस्फिअर: आधी व्हीसेंटर (सगळे होस्ट सांभाळणारा सर्व्हर), मग होस्ट, मग व्हीएमवेअर टूल्स, सगळ्यात शेवटी व्हर्च्युअल हार्डवेअरची आवृत्ती. व्हीसेंटरचा फाइल-बॅकअप घेतल्याशिवाय हात लावू नका. कमांडने पॅच करत असाल तर प्रोफाइल 'अपडेट' द्या, 'इन्स्टॉल' नाही. इन्स्टॉलने सर्व्हर कंपनीचे वेगळे ड्रायव्हर उडतात, आणि रीबूटनंतर स्टोरेज कंट्रोलर गायब. जुना बिल्ड दुसऱ्या बूटबँकेत (बूटच्या राखीव जागेत) शाबूत असतो. बूट होताना शिफ्ट आणि आर दाबून मागे येता येतं. २०२५ पासून ब्रॉडकॉमकडून पॅच उतरवायला टोकन लागतं, जुने पत्ते बंद झालेत. ते टोकन पॅचच्या दिवशी शोधत बसू नका.

प्रॉक्समॉक्स: नोड एचएमध्ये असेल तर आधी एचए मॅनेजरमधून मेंटेनन्स मोड लावा. नुसतं रीबूट दिलं तर डिफॉल्ट धोरणात एचएवाल्या व्हीएम हलत नाहीत, गोठून राहतात आणि नोड परत येईपर्यंत बंद असतात. मग ॲप्टने अपडेट आणि डिस्ट-अपग्रेड. साधं 'अपग्रेड' कधीच नाही; एखादं जुनं पॅकेज काढावं लागत असेल तर ते अपडेट मागेच ठेवतं आणि नोड अर्धवट राहतो. ८ वरून ९ ला जाताना पीव्हीई८टू९ ही तपासणी स्क्रिप्ट पूर्ण पर्यायासह चालवा आणि इशारे संपेपर्यंत पुढे जाऊ नका.

इथला नेहमीचा अपघात: नवा कर्नल बूट होतो आणि नेटवर्क कार्डाचं नाव बदलतं. ब्रिज जुन्या नावाला बांधलेला, त्यामुळे नोड चालू आहे पण नेटवर नाही. सर्व्हर दुसऱ्या गावच्या डेटासेंटरमध्ये असेल आणि दुरून सर्व्हर हाताळणारं आयएलओ किंवा आयड्रॅक लावलेलं नसेल, तर गाडी काढावी लागते. मॅक पत्त्यावरून नाव पक्कं करून ठेवा. ९ मध्ये त्यासाठी वेगळी कमांड दिली आहे. कर्नलच बिघडला तर बूट टूलने आधीचा कर्नल पिन करा.

हायपर-व्ही: क्लस्टर-अवेअर अपडेटिंग हे काम बऱ्यापैकी स्वतः करतं: नोड रिकामा, अपडेट, रीबूट, पुढचा नोड. मायक्रोसॉफ्टचे पॅच महिन्याच्या दुसऱ्या मंगळवारी येतात, आपल्याकडे तेव्हा रात्र झालेली असते. एक डोमेन कंट्रोलर क्लस्टरच्या बाहेर ठेवा. सगळे आत असतील आणि क्लस्टर पूर्ण बंद पडला, तर लॉगइन करायलाही कोणी उरत नाही.

एक्ससीपी-एनजी: पूलचा (इथल्या क्लस्टरचा) मास्टर आधी, नेहमी. बाकीचे नंतर. झेन ऑर्केस्ट्रा या त्याच्या व्यवस्थापन साधनाचं रोलिंग अपडेट हा क्रम पाळतं. एक नोड बिघडला तर दुरुस्त करत बसण्यापेक्षा पूलमधून काढून नव्याने टाकणं जलद. तुलनेच्या यादीत हेही लिहा की इथल्या व्हीएचडी डिस्कला २ टीबीची मर्यादा आहे. मोठा फाइल सर्व्हर असेल तर आधी त्याचा विचार करा.

लावला म्हणजे लागला नाही

पॅकेज अपडेट झालं, नोडवर नवी आवृत्ती दिसते, आणि तरी व्हीएम जुन्याच भोकासकट चालू असते. केव्हीएमवर प्रत्येक व्हीएम म्हणजे क्यूईएमयू या व्हीएम चालवणाऱ्या प्रोग्रॅमची एक प्रोसेस. डिस्कवरची फाइल बदलली तरी चालू प्रोसेस मेमरीत जुनीच राहते. गेस्टच्या आतून रीस्टार्ट केलं तरी तीच प्रोसेस पुढे चालते. व्हीएम पूर्ण बंद करून सुरू करा, किंवा पॅच झालेल्या नोडवर लाइव्ह मायग्रेट करा. तेव्हाच नवी प्रोसेस जन्माला येते. प्रॉक्समॉक्सच्या क्यूएम स्टेटस कमांडला व्हर्बोज जोडलं की 'रनिंग-क्यूईएमयू' ही ओळ दिसते. सगळ्या व्हीएमची ती ओळ एका फाइलमध्ये काढा आणि जुनी आवृत्ती शोधा. मे २०१५ मधलं व्हेनम हे भोक असंच होतं: क्यूईएमयूच्या फ्लॉपी कंट्रोलरमध्ये. व्हीएमला फ्लॉपी लावलेली नसली तरी कंट्रोलरचा कोड चालू असे, आणि प्रोसेस नवी झाल्याशिवाय पॅच निरुपयोगी.

सीपीयूच्या भोकांचं आणखी गुंतागुंतीचं. जानेवारी २०१८ च्या स्पेक्टर-मेल्टडाउनपासून मायक्रोकोड (सीपीयूच्या आतलं सॉफ्टवेअर), होस्टचा कर्नल आणि गेस्टचा कर्नल, तिन्ही लागतात. होस्टवर सिस-एफएसच्या 'व्हल्नरेबिलिटीज' फोल्डरमधल्या फाइली वाचा. 'व्हल्नरेबल' शब्द कुठे आहे का बघा. तेच गेस्टमध्येही करा. होस्टवर 'मिटिगेशन' आणि गेस्टमध्ये 'व्हल्नरेबल' असेल तर सीपीयूचा नवा फ्लॅग व्हीएमपर्यंत पोचलेला नाही: एकतर सीपीयूच्या प्रकारात तो नाही, किंवा व्हीएम पूर्ण बंद होऊन सुरू झालेली नाही. इथे मायग्रेशनने काम होत नाही, कारण चालू व्हीएम आपला जुना सीपीयू बरोबर घेऊन जाते. ईव्हीसीखालच्या ईएसएक्सआय व्हीएमचंही तेच.

मग एफसिंकवाली एफआयओ आणि पीजीबेंच पुन्हा एकदा चालवा, लॅबमधल्या जुन्या आकड्यांशेजारी ठेवा. सीपीयूच्या मिटिगेशनने वेग कमी होतो, आणि आकडा हाती असेल तर 'पॅचनंतर सगळं स्लो झालं' या तक्रारीला उत्तर देता येतं.

किती थांबायचं

साधा पॅच: आला त्या दिवशी लॅबवर, दोन दिवसांनी कमी महत्त्वाच्या पहिल्या होस्टवर, तिथून एक-दोन दिवसांत सगळीकडे. मार्चअखेरीचा शेवटचा पंधरवडा सोडा. अकाउंट्सवाल्यांशी भांडण नको. पण ४ मार्च २०२५ ला व्हीएमवेअरने जाहीर केलेल्या तीन भोकांसारखं, ज्यांचा गैरवापर आधीच सुरू होता असं काही आलं, तर मार्च असो वा दिवाळी, त्याच दिवशी. तोपर्यंत मॅनेजमेंटचा नेटवर्क वेगळा आणि बंद आहे ना ते तपासा. होस्टचं व्यवस्थापन पान इंटरनेटवरून उघडत असेल तर आधी ते बंद करा.

भारतात घुसखोरीची बातमी सर्ट-इनला (सरकारच्या सायबर सुरक्षा संस्थेला) सहा तासांत कळवावी लागते आणि लॉग १८० दिवस ठेवावे लागतात, हे एप्रिल २०२२ च्या निर्देशांपासून आहे. ईएसएक्सआयचा लॉग रीबूटनंतर टिकतोच असं नाही, म्हणून होस्टचे लॉग बाहेरच्या सिसलॉगवर पाठवा आणि सगळ्या नोडची घड्याळं एकाच एनटीपीला बांधा.

प्रत्येक होस्टमागे एक ओळ वहीत: आधीचा बिल्ड, नंतरचा बिल्ड, रिकामा व्हायला लागलेली मिनिटं, अडवणाऱ्या व्हीएमची नावं, कोणत्या व्हीएम अजून पूर्ण बंद होऊन सुरू व्हायच्या आहेत. आणि मेंटेनन्स मोड काढल्याची खूण. तो काढायचा राहून गेला तर होस्ट रिकामाच बसतो, बाकीचे दोघे घाम गाळतात, आणि पुढच्या महिन्याच्या पॅचपर्यंत कोणाच्या लक्षातही येत नाही.